दाजींनी घर आवरायला काढलं

घर आवरण्याचा उत्साह आमच्या दाजींच्या अंगात जेवढा आहे, तेवढा अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या अंगात असेल असं मला वाटत नाही. आणि त्यांच्या घरात जेवढा पसारा मी पाहिला, तेवढाही जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या घरात नसेल. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठिकाणी कशा काय नांदतात, असं कुणी विचारलं की मी त्याला रविवारी सकाळी दाजींकडे घेऊन जायचो. दाजी डोक्याला उपरणं गुंडाळून, नाकाला रुमाल बांधून, हातात खराटा घेऊन दारातच उभे असायचे. "या पाव्हणं, बराबर टायमाला आले! आज घर मोकळं म्हणजे बिलकुल मोकळं. सांजच्याला हितं पोरांनी क्रिकेट खेळलं पाहिजे!" असं म्हणून ते खराटा असा काही उगारायचे की सोबतचा माणूस दोन पावलं मागे सरायचा. त्याच माणसाला घेऊन मी संध्याकाळी परत जायचो. आता दारातून आत शिरायला अंग चोरावं लागायचं, कारण सकाळी आवरण्यासाठी म्हणून बाहेर काढलेलं सगळं सामान दारातच असायचं, आणि त्याच्या मधोमध दाजी मांडी घालून एखाद्या जुन्या टॉर्चचं झाकण उघडण्यात गुंग झालेले असायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मी त्यांचा एकुलता एक मेहुणा. त्यामुळे त्यांची थट्टा करण्याचा हक्क मला लग्नाच्या मांडवातच मिळाला आणि तो मी आजवर इमानाने वापरत आलो आहे. दाजींची उभी हयात जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाण्यांच्या कारखान्याचं गोदाम सांभाळण्यात गेली. तिथे सुतळीचा तुकडाही वाया जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची ख्याती. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सुतळी जपायची सवय ते स्वतःच घेऊन आले. कारखान्यातलं गोदाम सुटलं म्हणून त्यांनी घराचं गोदाम केलं, असं आक्का म्हणते. दाजी म्हणतात, तसं न्हाई, सामान आपोआप येतं.

आणि खरंच यायचं हो! गल्लीत कुणाचं घर पाडलं, कुणाचं दुकान बंद झालं, कुणी सोफा बदलला, की ती खबर सगळ्यात आधी दाजींच्या कानावर. पाण्याचे ड्रम तर आमच्या जालन्यात घरोघरी असतात. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून माणसं पाणी साठवतात. पण दाजींकडे गळके ड्रमही होते. "गळका ड्रम कशाला ठेवलाय दाजी?" असं मी विचारलं तेव्हा ते माझ्याकडे फार कीव केल्यागत पाहून म्हणाले, "सामान ठेवाया." लग्नपत्रिकांचा ढीग छातीपर्यंत आला होता. प्रत्येक पत्रिकेवर गणपती. "देवाला रद्दीत घालू का मंग?" टोप्या आणि टॉवेल यांच्याविषयी तर बोलायलाच नको. आमच्या भागात पुरुषमाणूस कुणाच्याही लग्नाला, वास्तुशांतीला, साध्या जेवणाला गेला तरी त्याला टोपी-टॉवेलाचा आहेर होतो, आणि दाजी सगळीकडे जातात. त्या टॉवेलांवर अख्ख्या गल्लीने महिनाभर अंग पुसलं असतं तरी खालची चळत उघडी पडली नसती. दाजी स्वतः मात्र एकाच विरलेल्या पंच्याने अंग पुसायचे.

उत्साह यायला त्यांना निमित्त काहीही पुरायचं. दिवाळी, पाल, झुरळ, कुणाच्या पायाला लागलेली ठेच. मध्ये त्यांनी मोबाईलवर घर आवरण्याचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. रोज सकाळी नवा व्हिडिओ, रोज सकाळी मला फोन. एका व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं, जी वस्तू वर्षभर वापरली नाही ती टाकून द्या. दाजी त्या बाईंवर दिवसभर हसत होते. "वर्षभर वापरली न्हाई म्हणजे ती नवीच हाये की! नवी वस्तू कोणी फेकतं का पाव्हणं?" दुसऱ्या एका व्हिडिओत सांगितलं, सामान ठेवायला खोकी आणा आणि वर्गवारी करा. हे मात्र त्यांना एकदम पटलं. ते टेम्पो भरून खोकी घेऊन आले. त्यानंतर बरेच दिवस त्या घरात खोक्यांशिवाय काही दिसत नव्हतं, आणि ती सगळी रिकामी होती, कारण वर्गवारी करायला जागाच उरली नव्हती.

आक्काने या सगळ्याशी आपल्या परीने तह केला होता. स्वयंपाकघर तिचं. तिथे दाजींची सुतळीसुद्धा आत येणार नाही, आणि उरलेल्या घराबद्दल ती चकार शब्द काढणार नाही. तो तह वर्षानुवर्षं टिकला. मोडला तो एका फार आनंदाच्या बातमीने.

माझी भाची राणी, म्हणजे आक्का-दाजींची एकुलती एक लेक, भोकरदनला दिलेली आहे. तिला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी दाजींनी एमआयडीसीपासून आमच्या घरापर्यंत दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबला. (पेढ्यांचे रिकामे पुडे ठेवून दिले, हे सांगायला नकोच.) पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आक्काने त्याच दिवशी डिंक आणि खारका आणायला सांगितल्या. लेक चार महिने घरी येणार, मांडीवर नातवंड घेऊन जाणार, एवढ्या एका गोष्टीवर ती दोघं हवेत चालत होती.

आणि मग विहीणबाई, म्हणजे राणीच्या सासूबाई, भेटायला आल्या. बाई अतिशय मायाळू. टापटीप इतक्या, की त्यांच्या घरातल्या चपलासुद्धा रांगेत उभ्या असतात. दाजींनी त्यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी केली. म्हणजे त्या खुर्चीवरचं सामान दुसऱ्या खुर्चीवर ठेवलं आणि स्वतः उभे राहिले. विहीणबाईंनी चहा घेतला, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग सहज म्हणून उठून मधल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. राणी लहानपणापासून त्याच खोलीत झोपायची, बाळंतिणीची खोलीही तीच होणार. दार अर्धंच उघडलं. आत कूलर, त्याच्यावर पायाचं शिलाई मशीन, त्याच्यावर सायकल, आणि भिंतीला लागून थेट छतापर्यंत बारदाना, म्हणजे बियाण्यांची रिकामी पोती.

विहीणबाई परत येऊन बसल्या. आवाज अगदी हळू ठेवून म्हणाल्या, "राग नगा मानू ताई. पण पहिलटकरीण हाये. रातीबेराती उठाया-बसाया लागतं, कशात पाय अडकला म्हणजे? माझं म्हणणं, हे बाळंतपण आमच्याकडंच होऊ द्या."

त्यात वावगं काहीच नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. आक्का खाली मान घालून कपबशा गोळा करायला लागली. आईच्या घरी लेकीला टेकायला जागा नाही, हे तिला तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. पण ऐकायचं ते तिने ऐकलं. दाजींचं तोंड एवढंसं झालं. मग ते एकदम म्हणाले, "विहीणबाई, डोहाळजेवणापर्यंत ही खोली रिकामी करतो. तुम्ही स्वतः येऊन बघा. तवा जर न्हाई पटली, तर राणीला तुमच्याकडंच ठिवा. माझं काही म्हणणं न्हाई."

"करा की," विहीणबाई म्हणाल्या. "झाली तर आम्हालाबी आनंदच हाये."

दुसऱ्या दिवशी मला फोन आला नाही, दाजी स्वतःच आले. उपरणं नाही, रुमाल नाही. "पाव्हणं, आज जल्दी चला. आता खरंच करायचंय," एवढंच म्हणाले. मला भरून आलं आणि मी कचेरीतून सुट्टी टाकली.

पहिल्यांदा आम्ही भंगारवाल्याला बोलावलं. त्याने दारात हातगाडी लावली, तराजू काढला आणि खोलीतल्या टेबलफॅनला हात घातला. दाजी आडवे आले. "ह्याला न्हाई. राणीला गोवर आल्ता तवा ह्याच पंख्यानं वारा घातलाय." मग कूलरला हात घातला. कूलरचीही काही हकिकत होती. मशीनची होती, सायकलची होती, आणि प्रत्येक हकिकतीला भंगारवाला उन्हात उभा राहून मान डोलवत होता. शेवटी दाजींनी त्याला चहा पाजला. तो जायला निघाला तेव्हा त्याच्या गाडीवर त्यांना एक पितळी बादली दिसली. "आरं, एवढी चांगली बादली भंगारात?" ती त्यांनी ठेवून घेतली. मी आक्काकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही.

पण दाजी असे हार मानणारे नव्हेत. संध्याकाळपर्यंत त्यांना नवी वाट सापडली आणि ते पुन्हा टवटवीत झाले. "चूक काय होऊन राह्यली, सांगतो. वस्तू फेकायची म्हणलं की जीव तुटतो. फेकायचीच न्हाई! द्यायची. ज्याला लागती त्याला, घरी नेऊन, हातात द्यायची. बराबर माणसाला बराबर वस्तू!" मला हे इतकं आवडलं की मी माझी जुनी गाडी या कामासाठी बहाल करून टाकली.

पहिली स्वारी कुंभार पिंपळगावला. तिथे दाजींचे चुलतभाऊ शेती करतात आणि त्यांची सून शिवणकाम शिकून आलेली. शिलाई मशीन डिकीत कोंबून आम्ही गेलो. काय आनंद झाला त्या पोरीला! तिने आमच्यासमोर मशीनला हळदकुंकू लावलं. आम्हाला बसवून जेवू घातलं, आणि आम्ही उठलो तशी घरात एकच धांदल उडाली. मशीन घेऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जाणार? चुलतभावाने आम्हा दोघांना टोपी-टॉवेल केला. मग ज्वारीचं पोतं आलं. मग तूरडाळीची गोणी, चार भोपळे, आणि वहिनींनी आतून लाकडी पाटांची जोडी आणून ठेवली. "नगं नगं" म्हणायची सोय नाही, आहेर नाकारला तर घरधन्याचा अपमान. परत येताना डिकीचं झाकण लागेना, ते सुतळीने बांधावं लागलं. सुतळी अर्थातच दाजींच्या खिशात होती.

"एक वस्तू गेली, पाव्हणं!" दाजी नवी टोपी तिरकी घालून उड्या मारायचे तेवढे बाकी होते. "बिलकुल गेली!"

दुसरी स्वारी कूलर घेऊन. गोदामातले त्यांचे जुने सोबती एमआयडीसीच्या मागे राहतात आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघतात. त्यांना गहिवरून आलं. त्यांच्याकडे घराचं काम चाललं होतं, देण्यासारखं हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यांनी आम्हाला जुनी खिडकी दिली. गंमत नाही करत. चौकटीसकट, गजांसकट, सागवानी खिडकी. ती आम्ही गाडीच्या टपावर बांधून आणली. आक्का दारातच उभी होती. तिने खिडकीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता ही बसवाया एक भिंतबी घिऊन या."

तिसऱ्या खेपेला सायकल दिली आणि दोन कोंबड्या आल्या. बाळंतिणीला अंडी लागतील, असं देणाऱ्या काकूंनी इतक्या प्रेमाने सांगितलं की दाजींचे डोळे पाणावले. कोंबड्यांना बारदाना फार मानवला. त्या त्यावरून उतरायलाच तयार नव्हत्या.

असे आठ-पंधरा दिवस गेले. दाजी रोज देऊन येत होते आणि रोज घेऊन येत होते. जिल्ह्यातल्या निम्म्या माणसांची गरज भागली असेल, पण मधल्या खोलीचं आधी अर्धं उघडणारं दार आता पाव उघडायला लागलं. डोहाळजेवण तोंडावर आलेलं. एके दिवशी दुपारी आम्ही तिघं चहा पीत बसलो होतो; मी ज्वारीच्या पोत्यावर, दाजी खिडकीच्या चौकटीवर, आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. आक्का अगदी शांतपणे म्हणाली, "मी राणीला फोन करून सांगून टाकते. तिकडंच राहा म्हणून."

दाजींनी कप खाली ठेवला. "मी काय कमी केलं का गं?" ते म्हणाले. "रोज नेऊन देऊन राह्यलो."

"नेऊन देता म्हणूनच तर!" आक्काचा आवाज चढला. मनात साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तुम्ही लोकांच्या दारात जाता, तुम्ही पाव्हणे. पाव्हण्याला कोण रिकामं धाडतंय? आपल्या दारात कोणी आलं तर आपण धाडतो का रिकामं? मंग लोकं तरी कशी धाडतील?"

ती रागाने बोलली होती, पण शेवटचा शब्द तोंडातून पडता पडता तीच थांबली. दाजींनी मान वर केली. माझ्या हातातला चहा सांडला. आणि दाजी त्या खिडकीच्या चौकटीवरून असे उसळून उठले की कोंबड्या फडफडत छताला लागल्या.

"अगं, मंग लोकांनाच बोलवू की!"

पुढचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. डोहाळजेवण घरीच करायचं ठरलं, गल्लीत मांडव घालून. एरवी हा बायकांचा कार्यक्रम. पण दाजींनी बायकांसोबत त्यांच्या नवऱ्यांना, दिरांना, सासऱ्यांना, ज्यांनी आम्हाला आहेर केला होता त्या सगळ्यांना आवतण दिलं. फोनवर ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. "सगळे या! टेम्पो करून या! आणि नीट आयका, येताना आहेर बिलकुल आणायचा न्हाई. जाताना न्यायचा!" पलीकडच्या माणसाला वाटायचं फोनमध्ये खरखर आहे, म्हणून तो पुन्हा विचारायचा, आणि दाजी दुप्पट आनंदाने पुन्हा सांगायचे. लेकीच्या डोहाळजेवणात मिळालेली वस्तू कुणी नको म्हणणार नव्हतं. तसं म्हणणं म्हणजे होणाऱ्या बाळाला नको म्हणणं.

त्या दिवशी राणी हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून मांडवात बसली आणि बायका गाणी म्हणायला लागल्या. जेवणावळी उठल्या. आणि मग दाजी मधल्या खोलीच्या दारात उभे राहिले. मला आत पार पोत्यांपर्यंत पाठवलं. "पाव्हणं, गोदामाचा नियम हाये. जो माल आधी आला, तो आधी बाहेर. बियाणं पडून राह्यलं की उगवत न्हाई. मागून काढा!" मी मागून काढायला लागलो. त्या क्षणी त्यांचा निवृत्त झालेला हात पुन्हा कामावर रुजू झाला. समोर माणूस आला की दाजी त्याला आपादमस्तक न्याहाळायचे, मागे हात करायचे, मी हातात देईन ती वस्तू क्षणभर तोलायचे आणि दुसऱ्या क्षणी ती त्या माणसाच्या काखेत असायची. वर टोपी, वर टॉवेल. गळके ड्रम शेतकऱ्यांनी लिंबाची रोपं लावायला नेले. पत्रिका एका अंगणवाडीच्या बाईंनी नेल्या. गणपती कापून पोरांच्या भिंतीवर लावते म्हणाल्या. खिडकी कुंभार पिंपळगावला गेली. पाट मात्र पिंपळगावचेच, ते चुकून त्याच चुलतभावाच्या हातात पडणार होते, तेवढ्यात आक्का गर्दीतून बाण सुटावा तशी आली, दाजींच्या कानात "अवो, ते त्यांचंच हाये!" म्हणाली आणि त्यांच्या हातात बादली देऊन परत गेली. कोंबड्या मांडववाल्याला मिळाल्या. बारदाना पिंपळगावच्या टेम्पोत चढला. गल्लीच्या तोंडापर्यंत माणसांची रांग चाललेली, प्रत्येकाच्या डोक्यावर नवी टोपी आणि काखेत काही तरी, आणि प्रत्येक जण हसतोय! गल्लीतले लोक गच्चीवर चढून पाहत होते. मी धुळीने माखलो होतो, कंबर मोडली होती, आणि तरी आतून ओरडत होतो, "दाजी, पुढचा!"

एकदाच खोळंबा झाला. मी टेबलफॅन पुढे केला आणि दाजींनी तो घेतला, पण दिला नाही. समोर त्यांच्या गोदामातली एक हमाल बाई उभी होती, तिच्या घरी लहान मूल होतं. दाजी पंख्याच्या जाळीवरून बोट फिरवत राहिले. बायकांचं गाणं थांबलं होतं. राणीने मांडवातून हे पाहिलं आणि तिथूनच म्हणाली, "पप्पा, द्या ना. तिच्या बाळाला लागंल." दाजींनी पंखा दिला. वायर नीट गुंडाळून दिली. त्यानंतर बराच वेळ ते मागे न बघता हात करत होते.

शेवटची वस्तू गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मी खोलीतून बाहेर आलो आणि मग आम्ही सगळ्यांनीच दारातून आत पाहिलं. फरशी हिरवी होती. आक्कालासुद्धा आठवत नव्हतं. राणी म्हणाली, "मला ठाऊक होती," आणि आईला बिलगली. आक्काने पटकन झाडून घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं, आणि विहीणबाईंना हाताला धरून आत नेलं. विहीणबाई खोलीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. चारी भिंतींकडे पाहिलं, खिडकी उघडून वारा येतो का बघितलं. मग त्या पदर खोचत म्हणाल्या, "हितं पलंग लावा, डोकं ह्या बाजूला. आणि ताई, राणीला आता परत कशाला न्यायची? राहू द्या. तिची औषधं आन् दवाखान्याचे कागद मी उद्या धाडते."

मांडवात असा गलका उठला! बायकांनी पुन्हा गाणं धरलं. आक्का तिथेच, त्या रिकाम्या खोलीत, विहीणबाईंच्या गळ्यात पडून रडली. दाजी मात्र कुठे दिसेनात. शोधलं तर ते मांडवाच्या मागे नव्या कोऱ्या टॉवेलात तोंड खुपसून उभे होते. मला पाहून म्हणाले, "धूळ गेली डोळ्यात, पाव्हणं. लई धूळ होती."

राणीला मुलगी झाली. त्या खोलीत शेकशेगडी झाली, पाळणा हलला, बाळाच्या लंगोट्यांच्या माळा लागल्या. दाजी दिवसातून वीस वेळा दारापर्यंत जाऊन यायचे आणि आक्का त्यांना वीस वेळा हाकलायची. सव्वा महिना झाला, त्यानंतरही आणखी थोडे दिवस गेले, आणि मग राणी लेकीला घेऊन भोकरदनला गेली. जायचंच होतं. तसं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

परवा मी दाजींकडे गेलो होतो. ओसरीवर ओळखीची लक्षणं दिसायला लागली आहेत. कुणाचं तरी तीन पायांचं टेबल आलं आहे. एक ड्रम आला आहे, आत सामान. टॉवेलांची नवी चळत अजून गुडघ्याएवढीच आहे, पण पुढचा लग्नसराईचा मोसम यायचा आहे. मी मनात म्हटलं, चला, माणूस ताळ्यावर आला. आणि बोलत बोलत मी मधल्या खोलीत शिरलो. खोली तशीच. उसना आणलेला पलंग परत गेला, पाळणा सोडलेला, हिरवी फरशी पुसलेली, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत काही म्हणजे काही नाही. बोललं की आवाज घुमत होता. "अहो दाजी, ते टेबल इथे बसेल की बराबर," मी थट्टेने म्हणालो आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

दाजींनी थट्टा घेतली नाही. ते वाकले, माझी पिशवी उचलली, बाहेर नेऊन ड्रमवर ठेवली आणि परत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"हितं न्हाई, पाव्हणं," ते हळू म्हणाले. "पोरगी कवाबी येती."